कोकणातल्या परड्यात पुन्हा रान कसं येऊ द्यायचं: खराटा खाली ठेवण्यापासून काजव्यांपर्यंत

झाडं लावण्याबद्दल नंतर बोलू, आधी खराट्याबद्दल. आमचं घर राजापूर तालुक्यात, घराभोवती साधारण अकरा गुंठे, त्यात सासऱ्यांनी लावलेली हापूसची नऊ कलमं, दोन जुने रायवळ (बीपासून वाढलेले) आंबे, सात माड, थोड्या पोफळी, एक विहीर आणि मागे कातळाचा उतार. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही डोंबिवलीहून कायमचे इथे आलो तेव्हा रोज सकाळी अख्खं परडं झाडून निघायचं, आंबा-फणसाचा सगळा पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, एका कोपऱ्यात गोळा आणि संध्याकाळी त्याला काडी. परडं दिसायचं एकदम स्वच्छ, लाल माती लखलखीत, आणि त्या मातीत खणलं तर एक गांडूळ सापडायचं नाही.

मी तेव्हा नर्सरीतून झाडं आणायच्या मागे होते. पहिल्या पावसाळ्यात चाळीस रोपं आणली, त्यातली निम्मी मेली, आणि ज्या कोपऱ्यात मी काहीच केलं नव्हतं, न्हाणीच्या मागे, जिथे त्या वर्षी कोणी झाडायला गेलं नाही, तिथे कुडा, चांदाडा, दिंडा, अंजनी, करवंद असं सगळं आपसूक वर आलं. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की कोकणात रान आणायचं काम म्हणजे आधी आपण जे रोज करतो ते थांबवायचं काम. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बिया पक्षी आणून टाकतात, वटवाघळं टाकतात, काही मातीतच असतात. राजस्थानात राहत असतो तर वेगळं सांगितलं असतं, पण इथे जमिनीला सवड दिली की ती स्वतःच कामाला लागते. लावायचं ते नंतर, जे आपसूक येत नाही तेवढंच.

आधी एक पावसाळा नुसतं बघा

जूनच्या आधी परड्याचा एक कोपरा ठरवा, दोन गुंठे असले तर दोनशे-तीनशे स्क्वेअर फूटसुद्धा पुरे. चारी कोपऱ्यांना खुंट्या मारा, सुतळी बांधा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की इथे खराटा नाही, कोयता नाही, तणनाशक नाही. सुतळी लागतेच, नाहीतर कामाला येणारा गडी चांगल्या मनाने सगळं साफ करून जातो आणि तुम्ही संध्याकाळी बघता तर सपाट.

मग एक वही करा. कुठे पाणी साचतं, कुठे ऊन जास्त, कुठल्या झाडावर कोण येऊन बसतं, काय उगवतंय. नावं माहीत नसली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे मी अगदी मनापासून सांगते. माझ्या सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, पण परड्यातल्या प्रत्येक रोपट्याला त्या दोन पानांवर असताना ओळखतात, हा कुंभा, हा किंजळ, हे आसाण्याचं, हे उपटून टाक रानमोडी आहे. जे त्यांनाही ओळखू येत नाही त्याचा फोटो काढून आयनॅचरलिस्टवर टाकते, पक्ष्यांचे आवाज मर्लिन ॲपवर ऐकवते, बरंच कळतं.

परड्याचे भाग पाडा

अख्खं परडं जंगल करायचं नाहीये. घरात माणसं राहतात, पोरं खेळतात, रात्री उठून न्हाणीत जावं लागतं. आमच्याकडे सरळ हिशोब आहे. घराच्या भिंतीपासून दहा-बारा फूट एकदम साफ, तिथे पातेरा नाही, लाकडाचा ढीग नाही, गवत नाही, खळं, म्हणजे पुढचं अंगण, नेहमीसारखं सारवलेलं. तसंच विहिरीकडे, गोठ्याकडे आणि बेड्याकडे (फाटकाकडे) जायच्या वाटा तीन-चार फूट रुंद आणि मोकळ्या. त्याच्या पलीकडे कलमं, माड, भाजी, म्हणजे उत्पन्नाचं आणि खायचं, तिथे माणसाचा हात चालतो पण थोडा हलका. आणि त्याच्याही मागे, हद्दीला लागून, रानाचा पट्टा. आमचा तो पट्टा साधारण साडेतीन गुंठ्यांचा आहे आता, सुरवात अर्ध्या गुंठ्याने झाली होती.

हद्दीलाच का, तर शेजारच्या रानाला किंवा पाणंदीच्या झाडीला जोडला गेला पाहिजे. मुंगूस, खार, सरडे, बेडूक हे असे झाडोऱ्याच्या आडोशाने सरकत येतात, मोकळ्या अंगणाच्या मधोमध केलेल्या बेटावर येत नाहीत.

पातेरा

पातेरा जाळायचा बंद केला की पहिल्याच पावसात फरक दिसतो. पानांखाली माती ओली राहते, बुरशी धरते, गांडुळं येतात, वाणी किडे येतात, मग ते खायला नवरंग पक्षी उतरतो. नवरंग पावसाच्या तोंडावर आपल्याकडे वीण करायला येतो, जमिनीवर पानं उलटीपालटी करत किडे शोधतो, झाडलेल्या मातीवर त्याला काही मिळत नाही. आमच्याकडे तो तिसऱ्या वर्षी आला, सकाळी साडेसहाला त्याची दोन सुरांची शीळ ऐकली आणि मी चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

करायचं एवढंच, घराजवळचा साफ पट्टा रोज झाडा, पण ते झाडलेलं जाळू नका, मागच्या झाडांच्या बुडाशी नेऊन पसरा, अर्धा फूट थर चालतो. खोडाला टेकवू नका, वीतभर जागा सोडा. वाळवीची भीती सगळ्यांनाच असते आणि ती बरोबर आहे, म्हणून पातेरा घराच्या लाकडी खांबांपासून, मांगराच्या, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटाच्या, वाश्यांपासून लांब, बस. रानात वाळवी असली तर ती तिचं काम करते, वाळकं लाकूड मातीला परत देते.

माडाची चुडतं (झावळ्या) आणि सोडणं (नारळाची वरची सालं) फेकू नका. सोडणं उलटी करून नव्या रोपाच्या आळ्यात रचा, पाणी धरून ठेवतात आणि खाली गारवा राहतो, सरडे आणि बेडूक त्याच्या खाली बसलेले असतात, उचलताना काठीने उचला.

काय उपटायचं

सगळंच हिरवं चांगलं नसतं. आपल्याकडे परड्यात सगळ्यात जास्त त्रास रानमोडीचा. पावसाळ्यानंतर ती भराभर वाढते, थंडीत फुलते आणि बिया वाऱ्याने सगळीकडे. म्हणून गणपती ते दिवाळी हा तिचा उपटायचा काळ, माती ओली असते, मुळासकट येते, फुलं धरायच्या आत काढायची. नुसती कोयत्याने छाटली तर चौपट फुटते. उपटून मुळं वर करून तिथेच टाका, वाळून खत होते.

घाणेरी, टणटणी म्हणतात ती, जरा वेगळी. तिच्या जाळीत बुलबुल घरटी करतात, फुलांवर फुलपाखरं असतात, म्हणून लोक म्हणतात राहू दे. पण ती पसरली की खाली दुसरं काही उगवत नाही. आम्ही ती एकदम काढली नाही, तीन वर्षांत तुकड्या-तुकड्याने काढली, जिथून काढली तिथे लगेच करवंद आणि धायटी लावली म्हणजे पक्ष्यांचा आडोसा जाणार नाही. काढायची पद्धत अशी की जमिनीच्या जरा खाली खोड आणि मूळ जिथे मिळतं त्याच्या खालून कुदळीने मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं. वरून तोडली तर पुन्हा फुटते.

ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, गिरीपुष्प हे हद्दीला कोणी ना कोणी लावलेलं असतंच. मोठं झाड लगेच पाडू नका, त्याच्या सावलीत आपली रोपं वाढू द्या, मग फांद्या कमी करत जा. गिरीपुष्पाचा पाला खताला चांगला, तेवढा वापरा. बागेच्या कडेला पिवळ्या फुलांचं जमिनीवर पसरणारं वेडेलिया शोभेसाठी लावतात ते मात्र अजिबात नको, ओलाव्यात ते सगळं झाकून टाकतं. आणि पिवळा-केशरी कॉसमॉस, दिसतो छान, पण सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, आणि रस्त्याकडेला कसा पसरलाय ते बघा.

काजू पण बाहेरचाच आहे, पोर्तुगीजांनी आणलेला. तो काढा असं मी म्हणणार नाही, त्यावर घरं चालतात. बाहेरचं झाड वाईट की बरं हे त्याने दुसऱ्याला जागा ठेवली की नाही यावर ठरवायचं.

काय लावायचं

जे पक्षी आणत नाहीत किंवा जे आसपास राहिलेलंच नाही ते. आधी आपली देवराई बघून या. कोकणात गावोगावी देवाच्या नावाने राखलेलं रान आहे, आपल्या मातीत, आपल्या पावसात, शंभर वर्षं कोणी न लावता काय उभं राहतं ते तिथे दिसतं. आत कसं वागायचं, काय उचलायचं, काय नाही याचे गावाचे नियम असतात ते पाळायचे, बी हवं असेल तर गुरवांना नाहीतर मानकऱ्यांना विचारून. बऱ्याचदा बाहेरच्या पाणंदीतच तेच बी मिळतं.

बी जमवायचा हंगाम म्हणजे एप्रिल ते जून. करवंद, रातांबा (कोकम), जांभूळ, तोरण हे त्याच वेळी पिकतं. ही बियाणी वाळवून डब्यात ठेवायची नसतात हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, जांभळाच्या आणि रातांब्याच्या बिया सुकल्या की मरतात. खाल्लं, बी धुतलं, दोन-तीन दिवसांत पिशवीत पेरलं. करवंदाचंही तसंच. रातांब्याचं आणखी एक, बियाच्या रोपात नर झाडं पण निघतात, साधारण निम्मी, आणि त्याला फळ धरत नाही. पक्ष्यांसाठी लावताय तर काही बिघडत नाही, आगळ-आमसुलं पण हवी असतील तर दोन कलमं घ्या, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या नर्सरीत चौकशी करा.

नर्सरीत जाताना झाड ओळखणारं कोणीतरी बरोबर न्या. मी एका ठिकाणाहून सीताअशोक म्हणून सहा रोपं आणली, दीड वर्ष पाणी घातलं, ती निघाली तो उंच सरळ वाढणारा शोभेचा हिरवा अशोक. सीताअशोकाला केशरी-लाल फुलांचे झुबके येतात आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबती असते, ते बघून मगच घ्या.

आता झाडं. जागा कमी असेल तर मोठी झाडं विसरा, झुडपं आणि वेली लावा, त्यांनीच जास्त काम होतं. करवंद, तोरण, धायटी, मुरुडशेंग, कुडा, अंजनी, निगडी. धायटीला थंडी संपताना लालभडक फुलं येतात आणि शिंजीर पक्षी त्यावर दिवसभर असतात. उक्षीची वेल कुंपणावर सोडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण पोपटी होते आणि मधमाश्यांचा आवाज लांबून ऐकू येतो.

मध्यम जागेला बकुळ, सुरंगी, उंडी, कुंभा, बहावा, पांगारा. समुद्राजवळ खारा वारा असेल तर उंडी सगळ्यात खात्रीची. पांगारा लावायला सोपा, मेअखेरीला मनगटाएवढी फांदी तोडून दीड फूट खोल रोवायची, त्यावर मिरीची वेल पण चढवता येते आणि पानगळीनंतर लाल फुलं आली की मैना, कोतवाल, बुलबुल, हळद्या, शिंजीर सगळे एकाच झाडावर. ओढ्याकाठी ओलावा असेल तर ताम्हण लावा, आपलं राज्यफूल आहे, पाण्याजवळ ते खरं खुलतं.

मोठ्या जागेला वड, पायर, उंबर, किंजळ, ऐन, काटेसावर, बेहडा. उंबर एकच लावलात तरी चालेल पण लावाच. बाकी झाडांना फळं नसतात तेव्हाही उंबराला धरलेली असतात, त्यामुळे तांबट, कुटुर्गा, हरियाल, वटवाघळं, उदमांजर सगळ्यांचं अडल्या वेळेचं पोट त्यावर. फक्त वड, पिंपळ, उंबर हे घरापासून आणि विहिरीपासून निदान ४० फूट लांब, मुळं चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत शिरली की मग झाड तोडायची वेळ येते आणि ते फार वाईट वाटतं.

फुलपाखरांबद्दल थोडं जास्त सांगते कारण लोक फक्त फुलं लावतात आणि थांबतात. फुलं ही मोठ्या फुलपाखराची खाणावळ, पण अंडी ते ठराविक झाडावरच घालतं आणि अळी तीच पानं खाते. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या असतात, लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून आपण झटकतो. लिंबू, पपनस असेल तर त्यावर ब्लू मॉरमॉन, २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू जाहीर केलं ते, काळं-निळं, हाताच्या पंजाएवढं. रुईवर प्लेन टायगर, कन्हेरीवर कॉमन क्रो, बहावा आणि टाकळ्यावर पिवळी-पांढरी एमिग्रंट, माडाच्या पानावर पामफ्लाय. सापसंदाची वेल मिळाली तर नक्की लावा, क्रिमझन रोझ आणि कॉमन रोझ त्यावरच वाढतात. आमच्या कढीपत्त्याला आम्ही दोन झाडं केली, एक स्वयंपाकाला, एक अळ्यांना. खाल्लेल्या झाडाला पंधरा दिवसांत पुन्हा पालवी येते, मरत नाही.

लावायची वेळ, मृगाचे तीन-चार दमदार पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की, आणि जुलैच्या मध्यापर्यंत संपवायचं. खड्डा दीड फूट, थोडं कुजलेलं शेणखत, रासायनिक काही नाही. अंतर सहा-आठ फूट. हल्ली एका चौरस मीटरमध्ये तीन-चार झाडं कोंबून जंगल करायची पद्धत फार चाललीय, खर्च पण भरपूर येतो, मला ती कोकणात गरजेची वाटत नाही, मधल्या मोकळ्या जागेत जे आपसूक येतं तेच तर हवंय. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं, आठवड्यातून दोनदा, बुडाशी छोटं मडकं पुरून त्यात भरलं तर शिंपणं कमी लागतं. तिसऱ्या वर्षी बंद.

कातळावर झाडं लावू नका

हे वेगळं सांगते कारण चांगली चांगली माणसं इथे चुकतात. परड्यामागे कातळ असला की वाटतं पडीक आहे, माती आणून टाकू, झाडं लावू. कातळ पडीक नसतो. पावसात त्यावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा, आभाळी, मग सोनकी असं आळीपाळीने फुलतं, खळग्यात पाणी साचून बेडूक अंडी घालतात, टिटव्या उघड्यावर वीण करतात. मातीचा एक ट्रॅक्टर ओतला की हे सगळं गेलं. तिथे फक्त गुरं कमी येतील आणि गाड्या चढणार नाहीत एवढं बघा. आणि जेसीबी लावायच्या आधी कातळ एकदा नीट झाडून बघा, राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, कोणाच्या परड्यात काय निघेल सांगता येत नाही.

पाणी

पावसाळ्यात पाण्याचं काही करावं लागत नाही, खरी गरज फेब्रुवारी ते मे. जुनी दगडी दोण असेल तर उत्तम, नसेल तर पसरट मातीचं भांडं, कडेला इंचभर आणि मधे दोन-तीन इंच खोल, आत एक दगड ठेवा म्हणजे मधमाशी बुडत नाही. झुडपापासून पाच-सहा फुटांवर ठेवा, मांजर दबा धरून बसू नये पण पक्ष्याला पळायला फांदी जवळ असावी. तीन-चार दिवसांनी पाणी ओतून घासायचं, हे चुकवलं तर डास होतात, डेंग्यूचे दिवस आहेत.

न्हाणीचं पाणी केळी आणि अळवाकडे वळवा, ती जागा बारा महिने ओली राहते आणि बेडकांना तेवढी पुरते. तळं करायचं तर सहा बाय चार फूट, दोन फूट खोल, एक बाजू उतरती. जांभ्यात पाणी टिकत नाही, डिसेंबरपर्यंत आटतं, ते आटू दे. बेडकांची पिल्लं तोवर बाहेर पडलेली असतात आणि आटलेल्या तळ्यात डास होत नाहीत. बारमाही पाणी असेल तरच मासे सोडा आणि तेही गावच्या ओहोळातले, डोक्यावर चंदेरी ठिपका असलेले ते छोटे मासे पृष्ठभागावरच असतात आणि डासांच्या अळ्या खातात. गप्पी मासे ओहोळात जातील अशा जागी नकोत.

विहिरीला कठडा असला तरी आत एक जाड दोरखंड किंवा बांबू पाण्यापर्यंत सोडून ठेवा. पडलेली खार, सरडा, साप त्यावरून वर येतात. आमच्या विहिरीत दरवर्षी काहीतरी मरायचं आणि पाणी उपसावं लागायचं, दोर सोडल्यापासून तसं झालेलं नाही.

गडगा, भिंत आणि मेलेलं लाकूड

नुसते दगड रचून केलेला जुना गडगा पाडून सिमेंटमध्ये चिऱ्याची भिंत बांधायची सगळीकडे घाई आहे. गडग्याच्या फटींत पाली, सापसुरळ्या, मुंगसं, गोगलगायी, नेचे, सगळं वस्तीला असतं. ढासळलाय तर तेच दगड पुन्हा रचा. भिंत बांधलीच पाहिजे अशी परिस्थिती असेल तर बुडाशी दर दहा-बारा फुटांवर एक चिरा कमी ठेवा, तेवढ्यातून बरंच कोण कोण ये-जा करतं. आतून करवंदाच्या दोन ओळी दोन फूट अंतराने लावल्या तर तीन-चार वर्षांत गुरंसुद्धा आत येत नाहीत.

मेलेलं झाड लगेच सरपणाला नेऊ नका. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमचा एक रायवळ अर्धा मोडला, पडलेली मोठी फांदी आम्ही तिथेच ठेवली आणि उभा खुंट तसाच राहू दिला. पुढच्या वर्षी त्यात तांबटाने भोक पाडून घरटं केलं, ते सोडून गेल्यावर दयाळ राहिला. जुन्या आंब्याला ढोली असेल तर झाड पोकळ झालं म्हणून पाडू नका, धनेशाला अंडी घालायला अशीच ढोली लागते, मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून खाणं भरवतो.

एक मात्र, मेलेला माड ठेवू नका. कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणाच्या ढिगात गेंड्या भुंगा वाढतो आणि मग जिवंत माडांचे शेंडे खातो. माडाचं खोड चिरून वापरा नाहीतर फोडून वाळवा. आंबा, पांगारा, किंजळ याचं लाकूड ठेवा.

बांडगुळाचंही तसंच. हापूसच्या कलमावरचं काढायचंच, फांदी सुकते. पण रायवळावर एखादं राहू दे, त्याच्या फुलांवर शिंजीर, फळांवर फुलटोचे आणि पानांवर जेझेबेल फुलपाखराच्या अळ्या असतात.

गुरं आणि वणवा

भातकापणी झाली की गावात गुरं मोकाट सुटतात आणि वर्षभराची मेहनत एका दुपारी खातात. आमची पहिल्या वर्षाची मेलेली निम्मी रोपं यातच गेली. काटेरी फांद्या आणि बांबूची वई ऑक्टोबर संपायच्या आत पूर्ण झाली पाहिजे, प्रत्येक रोपाला वेगळं कुंपण करण्यापेक्षा एका पट्ट्याला एकच वई स्वस्त पडते. गुरंवाल्यांशी भांडू नका, त्यांना आधी जाऊन सांगा, दोन भारे गवत देऊ करा, आमच्या वाडीत तरी याने काम झालं.

वणवा ही खरी भीती. पातेरा आणि वाळकं गवत ठेवायचं म्हणजे जळायला सामान ठेवणं, हे स्वतःला फसवून चालत नाही. डिसेंबर संपेपर्यंत हद्दीच्या आतून सहा-आठ फुटांची पट्टी कुदळीने मातीपर्यंत साफ करा, जाळरेषा म्हणतात तशी, आणि मेअखेरीपर्यंत दर पंधरवड्याला झाडा. जी जागा झाडायची ती ही. शेजारी भाजावळ करणार, म्हणजे शेतात पाला-गवत जाळणार, असतील तर तारीख विचारून त्या दिवशी घरी थांबा, पाण्याचे दोन पिंप भरून. आतलं गवत सगळं एकदम कापू नका, अर्धं नोव्हेंबरात, अर्धं जानेवारीत, म्हणजे मुनियांना बी मिळतं आणि किड्यांना सरकायला जागा.

फवारणी

कलमांना मोहोर आला की फवारण्या सुरू. आंब्याचं परागीभवन माश्या आणि मधमाश्यांवर चालतं, मोहोर उमललेला असताना फवारलं की त्या मरतात आणि फळधारणेचं नुकसान आपलंच. घरच्या नऊ कलमांना आम्ही फवारणं सोडलं, फळ थोडं कमी आणि डागी येतं, घरात पुरतं आणि उरतं. ज्यांचं पोट बागेवर आहे त्यांना हे सांगण्याचा मला हक्क नाही, पण त्यांनीही उमललेल्या मोहोरावर टाळावं आणि मारायचंच तर संध्याकाळी उशिरा. काजूवर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर जाळू नका, चावतात खूप हे खरं, पण त्या काजूवरच्या ढेकण्या किडीला पळवतात.

रात्र

पावसाच्या तोंडावर काजवे येतात. त्यांच्या अळ्या महिनोन्‌महिने ओल्या पातेऱ्यात गोगलगायी खात वाढलेल्या असतात, म्हणजे पातेरा जाळला की काजवेही जळाले. आणि उजेडात नर-मादीला एकमेकांचं लुकलुकणं दिसत नाही. मागच्या बाजूचा पांढरा फ्लडलाइट काढून टाका, पडवीत पिवळा मंद दिवा, वाटेवर माणूस आला की लागणारा सेन्सरचा. मे शेवट ते जून शेवट मागचा दिवा बंदच. किनाऱ्याला लागून घर असेल तर समुद्राकडचे दिवे फेब्रुवारी ते मे झाका, कासवाची पिल्लं रात्री वाळूतून निघतात आणि उजेडाकडे उलटी जातात. वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखायचं काम सुरू झालं, पण पिल्लू वाळूतून निघाल्यावर कुठल्या दिशेला जाईल ते कोणाच्या गच्चीवरचा दिवा ठरवतो.

मांजर असेल तर रात्री घरात.

साप, बिबट्या आणि माकडं

हे टाळून लिहिलं तर खोटं होईल. रान आलं की साप येणार, बहुतेक धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ, पण कोकणात कातळाकडे विषारी फुरसं आहे आणि ते लहान असतं, दगडाखाली, पातेऱ्यात दिसत नाही. म्हणूनच ते घराभोवतीचे साफ दहा-बारा फूट. मागे जाताना गमबूट, हातात काठी, रात्री बॅटरीशिवाय पाऊल नाही, दगड-लाकूड हाताने उचलायचं नाही, लहान मुलं मागच्या पट्ट्यात एकटी नाहीत. चावलंच तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, आमच्या दाराच्या आत हा कागद चिकटवलेला आहे. तुमच्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन असतं ते आजच विचारून ठेवा.

बिबट्याचा वावर असेल तर कुत्रा रात्री आत, कोंबड्यांची खुराडी पक्की, घराजवळ दाट झुडूप नाही. माकडांवर माझ्याकडे उपाय नाही. त्यांना खायला घालू नका, फळझाडं घराच्या छपराजवळ लावू नका, आणि उंबर-जांभूळ मागे असेल तर ती थोडा वेळ तिकडे रमतात एवढंच बघितलंय.

घरच्यांचं काय

हे सगळ्यात अवघड निघालं. सासूबाईंसाठी झाडलेलं परडं म्हणजे नीट चाललेलं घर, आणि सून आल्यावर पाला साठायला लागला तर चार बायका बोलणारच. मी त्यांना समजावायला गेले नाही. पुढचं खळं, तुळस, वाटा मी स्वतः रोज झाडायला घेतलं आणि मागचा पट्टा फक्त मागितला. वाटेच्या कडेला दगडांची एक ओळ लावली, त्यामुळे बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम ठेवलेलं आहे, दुर्लक्ष नाही. दुसऱ्या पावसात त्याच मला बोलवायला आल्या, न्हाणीमागे कुड्याला फुलं आलीत, आम्ही लहान असताना याची भाजी करायचो, चार ठेवून बाकीची काढू का म्हणून.

दरवर्षी ऑक्टोबरात एकाच जागेवरून एक फोटो काढा, आम्ही विहिरीच्या कठड्यावर उभं राहून काढतो. आणि वहीत नवीन काय आलं ते तारखेसह. आमच्या वहीत पहिल्या वर्षी १९ पक्षी होते, गेल्या वर्षी ६४, शेवटची नोंद सासूबाईंच्या अक्षरात आहे, पिंगळा, रायवळाचा खुंट, संध्याकाळी सात.